बाबा, पुळण आणि कासवी: दुःख, धाडस आणि वन्यजीवांच्या बालसाहसकथेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुलांसाठी गोष्टी लिहिते आणि सुट्टीत मुलांबरोबर बसून गोष्टी रचते. सध्या लिहीत असलेली साहसकथा रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, बाणकोट खाडीच्या जवळपास घडते. अकरा वर्षांच्या एका मुलीचे बाबा होडी घेऊन गेले ते परतले नाहीत. त्याच हिवाळ्यात तिला पुळणीवर समुद्री कासवाचं घरटं सापडतं. तिला इथे सायली म्हणते. वाचनालयांत, शाळांत, पालकांच्या पत्रांत मला पुन्हा पुन्हा तेच प्रश्न भेटले, म्हणून सगळ्यांची उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

मुलांच्या गोष्टीत मरण आणायचंच कशाला?

कारण ते मुलांच्या घरात आधीच आलेलं असतं.

मी दहा वर्षांची असताना माझे वडील गेले. दहाव्याला घाटावर मला न्यायला कोणी तयार नव्हतं, पण मी मामाचा हात सोडलाच नाही म्हणून नेलं. पिंड ठेवले, सगळे मागे सरकले आणि कावळा काही शिवेना. अर्धा तास गेला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "काहीतरी इच्छा राहिलीय." मला वाटलं, ती माझ्यामुळेच राहिली. आदल्या आठवड्यात मी नव्या कंपासपेटीसाठी हट्ट केला होता आणि बाबा "आणतो" म्हणाले होते. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरी आलो. पुढे कितीतरी महिने मी जेवताना पोळीचा तुकडा बाजूला काढून खिडकीत ठेवत असे. कावळ्यासाठी. का ठेवतेस, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

ज्या गोष्टीतलं मूल खिडकीत असा तुकडा ठेवत असेल, ती गोष्ट मला तेव्हा हवी होती. माझ्या हाती आलेल्या पुस्तकांत सगळ्यांचे बाबा एकतर घरी होते किंवा पहिल्या पानाच्या आधीच गेलेले होते, आणि कथेतल्या मुलांना त्यांची आठवणसुद्धा येत नव्हती.

पण साहसकथेला वेग लागतो. दुःखाने तो मंदावत नाही का?

मोठ्यांचं दुःख मंद असतं. मुलांचं तसं नसतं, हे जवळून पाहिलेल्या कोणालाही पटेल. मूल हमसून रडतं, दहा मिनिटांनी भूक लागली म्हणतं, बाराव्याच्या पंगतीत चुलतभावंडांबरोबर लपाछपी खेळतं आणि रात्री अंथरुणात एकदम विचारतं, "बाबांना आता थंडी वाजत असेल?" घरातली मोठी माणसं हे पाहून म्हणतात, "लहान आहे, त्याला काय कळतंय." त्याला कळलेलं असतं. ते दुःखात थोडा वेळ राहतं, बाहेर येऊन खेळतं आणि पुन्हा आत जातं.

साहसकथेची चाल अशीच असते. धावपळ, मग थांबणं, मग पुन्हा धावपळ. म्हणून दुःखासाठी वेगळं प्रकरण काढू नये. सायली घरट्यापाशी येणाऱ्या कोल्ह्याला हुसकावायला धावते, दगड उचलते, आणि हातातल्या दगडाला गुंडाळलेला जाळ्याचा निळा दोरा तिला दिसतो. बाबांच्या जाळ्याचाही दोरा निळाच होता. दोन ओळी पुरतात. पुढच्या ओळीत कोल्हा पुन्हा येतो.

'देवाघरी गेले' म्हणावं की सरळ 'वारले'?

निवेदनात सरळ 'वारले'. पात्रांच्या तोंडी मात्र आपली माणसं बोलतात तसंच येऊ द्यावं: आजी देवाघरी म्हणेल, शेजारीण चांदणी झाले म्हणेल. लहान मूल शब्द जसाच्या तसा धरतं. 'बाबा झोपलेत' असं सांगितलेलं मूल पुढे स्वतः झोपायला घाबरू शकतं आणि 'गावाला गेलेत' असं सांगितलेलं मूल एसटी स्टँडवर वाट बघतं. गोष्ट या सगळ्या शब्दांमधून वाट काढत खऱ्या शब्दापर्यंत पोचते तेव्हा वाचणाऱ्या मुलाला हायसं वाटतं. मी ते चेहऱ्यांवर पाहिलं आहे.

सायलीची अडचण आणखी अवघड आहे. समुद्रावर गेलेल्या माणसाचा देह सापडला नाही तर घरात नेमकं काय म्हणायचं? सात वर्षं ज्याचा काहीच ठावठिकाणा लागला नाही, त्याला कायदा मृत मानू शकतो. तोवर त्या बाईने बांगड्या ठेवायच्या की उतरवायच्या, यावर गावात कुजबुज चालू राहते. किनाऱ्यावरच्या घरांना हे नवं नाही. माझ्या कथेत सायलीची आई बांगड्या उतरवत नाही, आणि हा तिचा हट्ट आहे की आशा, हे मी शेवटपर्यंत सांगत नाही.

तुमच्या कथेत बाबा परत येतात का?

नाही.

इतके प्राणी असताना समुद्री कासवच का?

कारण कासवीची खरी जीवनकथाच इतकी अचाट आहे की मला काही रचावं लागलं नाही.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री भरतीबरोबर किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल, मडक्यासारखा, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद खड्डा खणते. त्यात शंभरेक अंडी घालते. मग वाळू लोटून खड्डा बुजवते आणि जड अंग डावी-उजवीकडे झुलवत ती वाळू थापून घट्ट करते. हे चालू असताना तिच्या डोळ्यांतून पाणी वाहतं. लोक म्हणतात, आई पोरांसाठी रडतेय. खरं तर समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून अंगात गेलेलं जास्तीचं मीठ ती डोळ्यांजवळच्या ग्रंथींतून बाहेर टाकत असते. त्यानंतर ती वळते, समुद्रात जाते आणि त्या घरट्याकडे पुन्हा फिरकत नाही.

आपल्या संतवाङ्मयात कासवीची उपमा वारंवार येते. कासवी पिलांना दूध पाजत नाही, नुसत्या नजरेने पोसते, तशी देवाची कृपादृष्टी भक्तावर असते. सायलीच्या आजीला हे कीर्तनातून ठाऊक आहे. कासवांची घरटी राखणाऱ्या गावातल्या कासवमित्राला दुसरी गोष्ट ठाऊक आहे: पिल्लं फुटतात तेव्हा आई तिथे नसते, नजरही नसते, ती कदाचित शेकडो किलोमीटर दूर असते. सायली या दोन्ही गोष्टी ऐकते. बाप गेलेल्या मुलीला आजीचं खरं मानावंसं वाटतं आणि कासवमित्राचं खरं आहे हे कळतं. माझ्या कथेतला सगळ्यांत मोठा संघर्ष हाच आहे, कोल्हे आणि अंडीचोर त्याच्या नंतर येतात. मी कोणालाच खोटं पाडलेलं नाही. आजी चुकीची आहे असं लिहायला माझा हात धजला नाही आणि विज्ञान वाकवणंही मला जमणार नव्हतं.

राखणीचं काम तर जागच्या जागी उभी असलेली साहसकथा आहे. बाणकोट खाडीजवळच्या वेळास गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली घरट्यांचं संरक्षण सुरू केलं, २००६ पासून तिथे कासव महोत्सव भरतो. पूर्वी अंडी चोरीला जात, उरलेली कोल्ही-कुत्री उकरत. आता गावातलेच कासवमित्र पहाटे पुळण चालून मादीच्या पावलांचा माग काढतात. तो माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा दिसतो. अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. यात एक जीवघेणा तपशील आहे: अंडी लवकर हलवायची आणि हलवताना उलटीपालटी होऊ द्यायची नाहीत, नाहीतर आतला गर्भ मरतो. अकरा वर्षांच्या मुलीच्या हातात असं अंडं द्या आणि पुळणीवरून चारशे पावलं चालायला लावा. पाठलागाची गरजच उरत नाही.

कासव वाचलं की मुलीचं दुःख हलकं होतं, असा शेवट असावा ना?

या प्रश्नावर मी सगळ्यांत जास्त भांडले आहे.

अशा बहुतेक गोष्टींत एक सौदा लपलेला असतो. मूल आईबाप गमावतं, मग एका पिल्लाला वाचवतं आणि पिल्लू जगल्यावर मूल हसायला लागतं. जणू हिशेब मिटला. प्रत्यक्षात दुःखात असलेल्या मुलाला हा सौदा अगदी भयंकर पद्धतीने समजतो: मी पुरेसं चांगलं वागले, पुरेसं धाडस केलं, तर काहीतरी परत मिळेल. मी पोळीचे तुकडे ठेवत होते तेव्हा हाच सौदा करत होते.

सायलीही तो करते. मनात म्हणते, या घरट्यातली सगळी पिल्लं समुद्रात पोचली तर बाबा येतील. माझ्या मुलांच्या गटात हे प्रकरण वाचलं तेव्हा खोली एकदम गप्प झाली होती. पुढे काही अंडी फुटतच नाहीत, कारण प्रत्येक घरट्यात काही अंडी वाया जातातच. सायली ती नासलेली अंडी उकरून हातात घेऊन बसते आणि पहिल्यांदा मोठ्याने रडते. तिला समजावायला कोणी लगेच येत नाही. कासवमित्र येतो, बाजूला बसतो आणि वहीत लिहायला लागतो: फुटलेली इतकी, न फुटलेली इतकी. मग वही तिच्याकडे सरकवतो. आकडे ती लिहिते.

पुढे ती काम करत राहते, बाबा न येताही. कथेतलं धाडस मला तिथे दिसतं.

अकरा वर्षांची मुलगी रात्री एकटी पुळणीवर जाते. मुलं अनुकरण करतील त्याचं काय?

ती एकदा एकटी जाते, आणि ते चुकतं. भरतीचा अंदाज चुकतो, सुरूच्या बनात टॉर्च पडतो, आई दोन तास वेड्यासारखी शोधते. समुद्राने आधीच एक माणूस नेलेल्या घरात याचा अर्थ काय होतो, ते आईच्या एका थपडेत आणि मग मिठीत येतं. त्यानंतर ती काकाबरोबर किंवा कासवमित्राबरोबर जाते.

शिकारी, तस्कर, अवैध जाळी यांच्याशी मुलांनी एकट्याने झुंजावं असं मी कधीच लिहीत नाही. महाराष्ट्र वन विभागाचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे. कथेतलं मूल लपून गाडीचा नंबर पाहतं, धावत जाऊन हा क्रमांक फिरवतं आणि थरथरत्या आवाजात सांगतं. 'आम्ही येईपर्यंत तिथून दूर राहा' असं पलीकडून ऐकून दूर राहणं हे एखाद्या मुलासाठी किती कठीण असतं! त्या कठीणपणावर दोन पानं लिहिता येतात.

खलनायक कोण? मच्छीमार?

कृपा करून मच्छीमाराला सरसकट खलनायक करू नका. कासव जाळ्यात अडकतं, श्वास घ्यायला वर येता न आल्याने गुदमरतं, हे खरं आहे. पण जाळं कापायचं म्हणजे घरातलं अन्न कापायचं. डिसेंबर २०१८ पासून राज्यात अशी योजना आहे की संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठीही पुरावा म्हणून फोटो काढावे लागतात, अर्ज करावा लागतो. मधल्या काळातला खाडा कोण भरून देणार?

माझ्या कथेत सायलीचा काका एका पहाटे हे करतो. बाबांच्या वाटणीचं जाळं, जे त्याने भावाची आठवण म्हणून जपून वापरलं, तेच कापतो. सायली होडीत असते. काका काही बोलत नाही. कासव पाण्यात सुटतं, डोकं वर काढून एक श्वास घेतं आणि खाली जातं. ते दृश्य लिहिताना मला तीन आठवडे लागले, कारण काका काय बोलेल ते सुचत नव्हतं. शेवटी कळलं, तो बोलणारच नाही.

वाघाने आईला मारलं असेल तर त्या मुलीने वाघाला वाचवायचं का?

हा प्रश्न मला चंद्रपूरकडच्या एका शाळेत सातवीतल्या मुलीने विचारला. वर्गात कोणी हसलं नाही. तिथल्या मुलांसाठी हा काल्पनिक प्रश्न नाही.

२०२२ च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४४४ वाघ आहेत, २०१८ मध्ये ३१२ होते. शहरात ही आनंदाची बातमी असते आणि मलाही आनंद आहे. पण चंद्रपूर जिल्ह्यात एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला पहाटे जंगलात वाकून चालणाऱ्या बायकांच्या घरी या आकड्याचा वेगळा अर्थ असतो.

तेव्हा मी त्या मुलीला म्हटलं होतं, हो. आज तसं म्हणणार नाही. आज मी तिला म्हणेन, तुझ्या कथेतल्या मुलीला वाघाचा राग येऊ दे. पूर्ण राग. तिला वाटू दे की सगळ्या गावाने मशाली घेऊन जावं. कोणाही मोठ्या माणसाने तिला 'वाघ जंगलाचा राजा आहे, त्याच्या घरात आपण जातो' असं व्याख्यान देऊ नये. आई तिथे हौस म्हणून गेली नव्हती.

मग गोष्ट कुठे जाईल? ताडोबाच्या भोवतीच्या गावांत प्राथमिक प्रतिसाद दलं आहेत: वाघ दिसला की लोकांना सावध करणारी, गर्दी आवरणारी गावातलीच तरुण मुलं. माझ्या डोळ्यांसमोर अशी मुलगी येते जिचा मोठा भाऊ आईच्या मृत्यूनंतर या दलात जातो. ती त्याच्याशी बोलणं टाकते. त्याला वाघ वाचवायचा आहे असं तिला वाटतं. एका पहाटे ती त्याच्या मागे जाते आणि पाहते की तो मोहाच्या झाडांकडे निघालेल्या बायकांना अडवून, हात जोडून परत पाठवतो आहे. त्यातल्या एकीने आईसारखंच पातळ नेसलेलं आहे. वाघ त्या प्रकरणात दिसतही नाही. तिने वाघाला माफ केलं का? मला माहीत नाही. ती भावाशी बोलते, इतकं मी लिहीन.

आमच्याकडे समुद्रही नाही आणि वाघही नाही. कोणता प्राणी घ्यावा?

घराजवळचा. सोलापूरच्या मुलाने माळढोक घ्यावा. नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, पण तिथे माळढोक दिसणं आता बातमी ठरावी इतकं दुर्मीळ झालं आहे. जगभरात मिळून दीडशेहून कमी उरलेला हा पक्षी साधारणपणे एका वेळी एकच अंडं घालतो, तेही उघड्या माळावर, जमिनीवर. त्याचं अंग जड असतं आणि समोरचं त्याला नीट दिसत नाही, म्हणून उडताना तो विजेच्या तारांवर आदळतो. एकच अंडं, मोकळा माळ, मेंढपाळाचा मुलगा, आणि ज्याने त्याला माळ वाचायला शिकवलं तो आजोबा नुकताच गेलेला. मला स्वतःला ही कथा वाचायची आहे.

नंदुरबारच्या मुलांकडे रानपिंगळा आहे. १८८४ नंतर हा छोटा घुबड कोणाला सापडला नव्हता. नामशेष झाला असंच धरून चालले होते. १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या रानात तो पुन्हा दिसला. ११३ वर्षांनी! मेलेलं कोणी परत येत नाही, हे शिकत असलेल्या मुलाला ही बातमी कशी सांगायची, यावर मी फार विचार केला. रानपिंगळा मेला नव्हता, आपण त्याला पाहिलं नव्हतं. हा फरक मुलाला कळतो. कळताना दुखतो, पण कळतो.

चिपळूणच्या परिसरात खवले मांजर आहे, नाशिक आणि रायगडात गिधाडं आहेत.

कथेत माहिती किती घालावी?

जी माहिती काढली तर घटना कोसळते तेवढीच. वाळूचं तापमान सुमारे ३० अंशांच्या वर गेलं की घरट्यात माद्या जास्त निपजतात, त्याखाली नर. ही माहिती कुठल्याही पाठ्यपुस्तकात बसेल. कथेत ती तेव्हाच येते जेव्हा उन्हाळा कडक होतो आणि घरट्यांवर सावली करायची की नाही यावरून दोन कासवमित्रांचं भांडण होतं. कासवाचं लॅटिन नाव, अनुसूची क्रमांक, जागतिक यादीतला दर्जा हे सगळं मागच्या पानावर द्या. कथेतल्या मुलाला अचानक विश्वकोशासारखं बोलायला लावू नका. वाचणारी मुलं तिथे पान उलटतात, मी डोळ्यांनी पाहिलंय.

भाषेबद्दलही एक. पुळण, भरती, सुकती, रापण, खाडी हे शब्द तसेच ठेवा. लातूरच्या मुलाला दोन पानांत संदर्भाने कळतात.

सगळे प्राणी संपत चाललेत हे वाचून मुलं खचत नाहीत का?

खोट्या आशेने जास्त खचतात. गिधाडांचं उदाहरण घ्या. गुरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावराच्या अंगात राहतं, ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात हजारातलं एखादंच उरलं, इतकी घट पंधरा वर्षांत झाली. २००६ मध्ये गुरांसाठी त्या औषधावर बंदी आली. हे मुलांना सांगितलं की ती लगेच विचारतात, "मग आता बंदी पाळतात का? आमच्या गावचे डॉक्टर कुठलं औषध देतात?" कारण समजलं की मुलांना करण्यासारखं काहीतरी सापडतं. 'निसर्ग संकटात आहे' एवढंच ऐकलेलं मूल नुसतं घाबरून बसतं.

वर्गात नुकतंच कोणी गमावलेलं मूल असेल तर अशी गोष्ट वाचावी का?

वाचावी, पण त्याला आदल्या दिवशी एकट्याला सांगून. माझ्या बाबांनंतर महिनाभराने वर्गात एक धडा मोठ्याने वाचला गेला. त्यात वडील वारतात. वाचणाऱ्या बाई थांबल्या आणि चाळीस माना माझ्याकडे वळल्या. कोणाच्याच मनात वाईट नव्हतं. मी पुढे कितीतरी दिवस त्या तासाला पोटात दुखतंय म्हणून घरी राहिले.

म्हणून आधी सांगा: उद्याच्या गोष्टीत असं आहे, तुला बसायचंय की वाचनालयात जायचंय? काही मुलं बसतात आणि वाचून झाल्यावर काहीच बोलत नाहीत. बोलायला लावू नका. 'तुला काय वाटलं?' हा प्रश्न त्या मुलाला सगळ्यांसमोर कधीच विचारू नये. चित्र काढायला कागद द्या, किंवा कासवाचा माग वाळूत कसा उमटतो ते करून बघायला अंगणात न्या.

कोणत्या वयाला योग्य?

नऊ ते तेरा. त्याहून लहान मुलांना मांडीवर घेऊन वाचून दाखवा, अधूनमधून थांबत.

अशा गोष्टीत विनोद चालतो का?

हवाच. बाराव्याचे लाडू कुत्र्याने पळवले तर मुलं हसणारच, आणि घरातली एखादी आत्याही पदराआड हसते.

मुलांना पिल्लं समुद्रात जाताना दाखवायला न्यावं का?

जरूर न्या. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर पिल्लं बाहेर येतात. अंडी घातल्यापासून फुटायला दीड ते दोन महिने लागतात. कुंपणातल्या खड्ड्यांवर टोपल्या पालथ्या घातलेल्या असतात, सकाळी आणि संध्याकाळी त्या उचलून बघतात.

मुलांना आधीच सांगा की टोपलीखाली काहीच नसण्याची शक्यता आहे. दोनशे माणसं पहाटे उठून उभी असतात आणि टोपलीखाली नुसती वाळू निघते, असं अनेकदा होतं. रिकाम्या टोपलीने हिरमुसलेलं मूल संध्याकाळी पुन्हा उभं राहतं की नाही, हे बघण्यासारखं असतं. पिल्लाला हात लावायचा नाही, फ्लॅश वापरायचा नाही, दोरीच्या आत जायचं नाही. पिल्लं उजळ क्षितिजाकडे सरपटतात. मागे हॉटेलचा दिवा जास्त उजळ असेल तर ती उलटी वळतात.

शेवटी कासव परत येतं का?

माझ्या कथेच्या काळात नाही. एका हंगामाची गोष्ट आहे आणि मादी वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. हजारातलं एखादंच पिल्लू तिथवर पोचतं असं म्हणतात. पण कासवं परत येतात, हे खरं. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर पुढच्या पायाला क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरून पश्चिम किनाऱ्यावर, सगळा देश वळसा घालून. ही बातमी वाचली त्या दिवशी मी शेवटचं प्रकरण पुन्हा लिहिलं.

त्यात सायली कासवमित्राला विचारते, "आणि बाबा कासव?" तो खरं सांगतो. मादी अंडी घालायला किनाऱ्यावर येते. नर एकदा पिल्लू म्हणून पाण्यात गेला की सहसा पुन्हा जमिनीवर पाय ठेवत नाही. तो असतो, पोहत असतो, पण आपल्याला पुळणीवरून दिसत नाही.

सायली समोरच्या पिल्लांकडे बघते. यातलं नर कोण, मादी कोण? तो म्हणतो, इतक्या लहानपणी बघून कळत नाही. मग ती सगळ्यांसाठीच थांबते. शेवटचं पिल्लू दोनदा लाटेने मागे फेकलं जातं, तिसऱ्यांदा फेसात दिसेनासं होतं. ती वहीत आकडा लिहिते, रिकामी टोपली उचलते, आणि शाळेची वेळ झालेली असते म्हणून धावत सुटते.